मैदानाचा अर्धा वाटा

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ख्रिस्ती शाळांच्या व्यवस्थापकांचा एक मेळावा भरला होता. धर्मग्रामाच्या शाळेचा व्यवस्थापक या नात्याने मीही गेलो होतो. दुपारच्या सत्रात एका अभ्यासू वक्त्याने शिक्षण आणि कायदा या विषयावर भाषण केले. बोलण्याच्या ओघात अमेरिकेतील 'टायटल नाइन' या कायद्याचा उल्लेख आला आणि वक्त्यांचा स्वर चढला. शिक्षणात आणि खेळांत स्त्री-पुरुष समानता कायद्याने आणू पाहणे हा हट्ट आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांनी तीन आक्षेप घेतले. मुलींना खेळात मुळात रसच कमी, तेव्हा आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? दुसरे, मुलींना द्यायचे म्हणून मुलांच्या ताटातले काढून घेतले जाते. आणि तिसरे, श्रद्धेवर उभ्या असलेल्या संस्थांचा कारभार प्रेमाने चालतो. तेथे कायद्याची मोजपट्टी आणणे म्हणजे आईच्या हातच्या जेवणाचे बिल मागणे होय. या शेवटच्या वाक्याला जोरदार टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. आज मला त्या टाळ्या परत घ्यावयाच्या आहेत.

ज्या कायद्याविषयी वक्ते बोलत होते, तो मुळात खेळांसाठी झालेलाच नव्हता. २३ जून १९७२ रोजी अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी शिक्षणविषयक दुरुस्ती कायद्यावर स्वाक्षरी केली. त्याचा नववा भाग म्हणजे 'टायटल नाइन'. त्याचे मूळ इंग्रजी वाक्य अवघे ३७ शब्दांचे आहे. त्याचा आशय असा, की केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात कुणालाही लिंगभेदावरून सहभाग नाकारता येणार नाही, लाभांपासून वंचित ठेवता येणार नाही आणि भेदभावाने वागविता येणार नाही. त्या वाक्यात मैदान नाही, चेंडू नाही, खेळ हा शब्दही नाही. कायदा झाला तो प्रवेशासाठी, नोकरीसाठी, वर्गाच्या उघड्या दारासाठी.

हे दार किती काळ बंद होते, हे मराठी वाचकाला निराळ्या वाटेने ठाऊक आहे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. ही हकिगत आपण अभिमानाने सांगतो. पण स्त्रियांसाठी वेगळे महाविद्यालय काढावे का लागले होते, हा प्रश्न आपण विचारीत नाही. त्यानंतर ६२ वर्षांनी, १९४८ साली, हवाई बेटांवरील पॅट्सी ताकेमोतो नावाच्या जपानी वंशाच्या हुशार मुलीने अनेक वैद्यकीय महाविद्यालयांकडे अर्ज केले. एकाही ठिकाणी तिला प्रवेश मिळाला नाही. ती कायद्याकडे वळली, विवाहानंतर पॅट्सी मिंक झाली आणि १९६४ साली अमेरिकन प्रतिनिधिगृहात निवडून गेली. टायटल नाइन घडविणाऱ्यांत प्रतिनिधिगृहातील एडिथ ग्रीन आणि सिनेटमधील बर्च बाय यांच्याबरोबर या मिंकबाई होत्या. २००२ साली त्या निवर्तल्या, तेव्हा त्या कायद्याला त्यांचेच नाव देण्यात आले. त्यांचे अर्ज परत करणारे लोक दुष्ट होते असे मी म्हणत नाही. घरी ते आपल्या आईचा आणि बहिणीचा आदरच करीत असतील. तो आदर महाविद्यालयाच्या कचेरीपर्यंत पोहोचला नाही, एवढेच.

खेळांचा प्रश्न कायद्यामागोमाग आला. मैदान हाही शिक्षणाचा भाग असेल, तर मैदानावरही भेदभाव चालणार नाही, हे उघड होते. हे लक्षात येताच विरोधाला धार चढली. तिकिटांचे उत्पन्न देणारे खेळ कायद्यातून वगळावेत, अशी सूचना १९७४ साली सिनेटमध्ये आली. ती शेवटी टिकली नाही. १९७५ साली नियम तयार झाले. त्याच वर्षी जुलै महिन्यात शारीरिक शिक्षणाच्या तासांना सूट देऊ पाहणाऱ्या तरतुदीवर प्रतिनिधिगृहात मतदान होते. ऐन वेळी मिंकबाईंना मुलीला अपघात झाल्याचा निरोप आला आणि त्या सभागृह सोडून गेल्या. त्यांच्या बाजूची हार झाली ती एका मताने. दोनच दिवसांत पुन्हा मतदान झाले आणि तो निर्णय मोठ्या फरकाने फिरला. मुलींच्या खेळण्याचा हक्क एका मताने जातो आणि दोन दिवसांत परत येतो! प्रेमाच्या भरवशावर राहा म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाचे मनन करावे.

आता पहिला आक्षेप घेऊ. मुलींना रस नाही म्हणतात. १९७१-७२ या वर्षी, म्हणजे कायद्याच्या आदल्या हंगामात, अमेरिकेतील माध्यमिक शाळांत खेळणाऱ्या मुलांची संख्या ३६,६६,९१७ होती आणि मुलींची २,९४,०१५. त्या वेळी कुणी म्हटले असते की पाहा, निसर्गाचाच हा कौल आहे, तर आकडे त्याच्या बाजूने होते. २०१८-१९ या वर्षी मुलींची संख्या ३४ लाखांवर गेली. सत्तेचाळीस वर्षांत मुलींचा निसर्ग अकरा पटींनी बदलत नसतो. बदलली ती संधी. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असे वक्ते म्हणाले. पण आड खणलाच नव्हता, त्याचे काय?

हा वाद न्यायालयातही गेला. १९९१ साली ऱ्होड आयलंडमधील ब्राउन विद्यापीठाने काटकसरीसाठी मुलींच्या जिम्नॅस्टिक्स आणि व्हॉलीबॉल संघांचा आणि मुलांच्या गोल्फ व वॉटरपोलो संघांचा खर्च उचलणे बंद केले. दोन मुलींचे, दोन मुलांचे: वरकरणी हिशेब बरोबर दिसतो. पण मुली न्यायालयात गेल्या, तेव्हा खरा हिशेब बाहेर आला. खटला चालू असताना विद्यापीठात मुलींचे प्रमाण सुमारे ५१ टक्के होते, तर खेळाडूंत त्या ३८ टक्के होत्या. आधीच उपाशी असलेल्याच्या आणि पोट भरलेल्याच्या पानातून एकेक पोळी काढणे ही समता नव्हे. मुलींना खेळात रस कमी असतो, असा बचाव विद्यापीठाने केला. वरिष्ठ न्यायालयाने तो १९९६ साली फेटाळला. रस आणि कौशल्य आपोआप उगवत नाहीत, ते संधीतून आणि अनुभवातून वाढतात, असे न्यायालयाने स्पष्ट केले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाचे अपील ऐकण्यास नकार दिला.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांनी या काळात मुलांचे कुस्तीचे संघ बंद केले, हे खरे आहे. ज्या मुलाने लहानपणापासून आखाड्यात घाम गाळला, त्याच्या हातून संघ गेला, तर त्याचे दुःख खोटे नाही. कुस्तीच्या प्रशिक्षकांनी २००२ साली सरकारविरुद्ध दावाही लावला. तो टिकला नाही. परंतु मुलांचे संघ बंद करा असे कायदा कोठेही सांगत नाही. १९७९ साली सरकारने जे मार्गदर्शन केले, त्यात तीन पर्याय आहेत. खेळाडूंतील मुलामुलींचे प्रमाण विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात असावे. किंवा मुलींसाठी संधी वाढवीत नेण्याचा सातत्याचा इतिहास दाखवावा. किंवा मुलींची आवड आणि क्षमता यांची पूर्ण दखल घेतली आहे हे सिद्ध करावे. तीनपैकी एक केले तरी पुरे. मग कुस्तीगिराचे ताट कोणी उचलले? अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या महाविद्यालयीन संघांना १९९४पासून अगदी अलीकडेपर्यंत प्रत्येकी ८५ शिष्यवृत्त्या देण्याची मुभा होती. मैदानात एका वेळी एका बाजूचे खेळाडू उतरतात अकरा. या मोठ्या ताटाकडे बोट दाखविण्याचे धैर्य संस्थाचालकांना झाले नाही. त्यांनी गरीब कुस्तीगिराचे ताट उचलले आणि त्याला सांगितले, "तुझे जेवण त्या मुलीने खाल्ले." दोन दुबळ्यांना आपसांत भांडावयास लावणे ही सत्तेची फार जुनी रीत आहे.

येथे एका ताज्या वादाचा उल्लेख टाळता येत नाही. ट्रान्सजेंडर खेळाडूंनी मुलींच्या स्पर्धांत उतरावे की नाही, याभोवती अलीकडे अमेरिकेत या कायद्याची सारी चर्चा फिरू लागली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यक्षांनी त्याविषयी आदेशही काढला. तो प्रश्न नाजूक आहे, त्यात माणसांची मने गुंतलेली आहेत आणि चार वाक्यांत त्याचा निकाल लावणे मला योग्य वाटत नाही. मी एवढेच म्हणेन, की ज्यांना या निमित्ताने मुलींच्या खेळांचा एकाएकी कळवळा आला आहे, त्यांनी त्याच मुलींना मैदान किती तास मिळते आणि गाडीभाडे कोण देते, हेही विचारावे. मार्च २०२१ मध्ये महाविद्यालयीन बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा मुलांसाठी प्रशस्त व्यायामशाळा सजली होती आणि मुलींसाठी डंबेल्सची एक लहानशी मांडणी. एका खेळाडू मुलीने त्याचे चित्रण लोकांसमोर आणले, तेव्हा कोठे आयोजकांना जाग आली.

आता तिसरा आक्षेप. हा आपल्या घरातला आहे, म्हणून त्याला मी अधिक जागा देतो. श्रद्धेच्या संस्थांना मोजपट्टी कशाला, असे वक्ते म्हणाले. ते जाणत नसावेत, की अमेरिकेतील मुलींच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलचा पहिला तेजस्वी अध्याय धर्मभगिनींच्याच अंगणात लिहिला गेला. फिलाडेल्फियाजवळ इमॅक्युलाटा नावाचे, भगिनींनी चालविलेले मुलींचे छोटे कॅथलिक महाविद्यालय होते. १९६७ साली तेथील खेळाची इमारत आगीत जळाली. मुली भगिनींच्या मातृगृहाच्या तळघरात सराव करू लागल्या. कॅथी रश नावाची तरुण प्रशिक्षिका आली. मार्च १९७२ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेसाठी इलिनॉयला जावयाचे होते. पैसे नव्हते. मुलींनी दात घासण्याचे ब्रश विकून पैसे उभे केले, तरी सगळ्या जणींना विमानाने नेणे जमले नाही. आठ जणी गेल्या, आणि त्या आठ जणी जिंकून आल्या. पुढे १९७३ आणि १९७४ सालीही त्यांनीच विजेतेपद मिळविले. सामन्यांच्या वेळी वृद्ध भगिनी झग्यानिशी बाकांवर बसून बादल्या बडवीत असत. ही हकिगत वाचताना धर्मगुरू म्हणून माझी छाती अभिमानाने फुगली.

वक्ते म्हणतील, पाहा, पहिले विजेतेपद मार्चमधले आणि कायदा जूनमधला. कायद्याशिवाय, प्रेमाच्या बळावर जिंकल्या! होय, जिंकल्या. पण पुढचे ऐका. कायद्यानंतर मोठी सरकारी विद्यापीठे मुलींच्या खेळांकडे वळली, शिष्यवृत्त्या देऊ लागली. १९७५ आणि १९७६ या दोन्ही वर्षी अंतिम सामन्यात मिसिसिपीच्या डेल्टा स्टेट या सरकारी विद्यापीठाने इमॅक्युलाटाला हरविले. नंतर त्या महाविद्यालयाला ते शिखर पुन्हा गाठता आले नाही. म्हणजे ज्या कायद्याची मी तरफदारी करतो आहे, त्याच कायद्याने आपल्या भगिनींचे राज्य संपविण्यास हातभार लावला. तरीही मी म्हणतो, झाले ते योग्य झाले. कारण त्याआधी चांगल्या खेळाडू मुलीचे नशीब एका प्रेमळ मठाच्या दारात तिचा जन्म होण्यावर आणि ब्रश विकले जाण्यावर अवलंबून होते. इमॅक्युलाटाच्या दारात आठ मुलींना जे प्रेमाने मिळाले, ते मिसिसिपीच्या कापूसरानातल्या मुलीला कोण देणार होते? प्रेम आपल्या अंगणापुरते पुरते. अंगणाबाहेरच्या लेकरासाठी न्याय लागतो.

शिवाय प्रेमाच्या कारभारात तक्रार करणाऱ्याचे काय होते, हे आपण सर्व जण जाणतो. त्याला आपण कुरकुऱ्या म्हणतो, आज्ञापालनाची आठवण देतो आणि पुढच्या वर्षी त्याची बदली करतो. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात रॉडरिक जॅक्सन नावाचे शिक्षक मुलींच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. आपल्या मुलींना पैसा आणि सोयी मुलांच्या बरोबरीने मिळत नाहीत, अशी तक्रार त्यांनी वरिष्ठांकडे केली. २००१ साली त्यांचे प्रशिक्षकपद गेले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, की भेदभावाविरुद्ध बोलणाऱ्यावर सूड उगवणे हाही या कायद्याखाली भेदभावच होय. बोलणाऱ्याला संरक्षण नसेल, तर समतेची वचने भिंतीवरच्या सुभाषितांसारखी राहतात: सगळे वाचतात, कुणी पाळत नाही.

याच कायद्यात धार्मिक संस्थांसाठी एक सवलत आहे. एखाद्या धर्मसंस्थेच्या ताब्यातील शाळेत कायद्याचे पालन त्या धर्माच्या तत्त्वांशी विसंगत ठरत असेल, तर तेवढ्यापुरती सूट मिळते. धर्मस्वातंत्र्याचा मी पुरस्कर्ता आहे आणि या सवलतीला माझा विरोध नाही. पण मी स्वतःला विचारतो, मुलीने धावू नये असे आपले कोणते तत्त्व सांगते? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच स्त्री-पुरुष भेदावर आधारलेला पक्षपात परमेश्वराच्या योजनेविरुद्ध असल्याचे सांगितले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ साली स्त्रियांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात ख्रिस्तसभेच्या मुलांकडून झालेल्या अन्यायाबद्दल खेद व्यक्त केला. तालांतांच्या दृष्टान्तात चाकराने धन्याचा ठेवा जमिनीत पुरला, म्हणून त्याला बोल लागला. आपल्या शाळांत ठेवा मुलीला मिळालेला असतो आणि तो पुरणारे हात मात्र आपले, व्यवस्थापकांचे असतात.

कायद्याने सर्व काही साधते, असा माझा दावा नाही. १९७२ साली अमेरिकेत मुलींच्या महाविद्यालयीन संघांच्या प्रशिक्षकांत ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. संघांना पैसा आणि मान येताच त्या खुर्च्यांवर पुरुष येऊन बसले आणि स्त्रियांचे प्रमाण निम्म्याच्याही खाली गेले. मैदान मिळाले, पण मैदानाची किल्ली हातून गेली. म्हणून एकदा मोजून भागत नाही. मोजणे चालू ठेवावे लागते.

मोजण्याचा हा धडा मला कसा मिळाला, ते सांगून थांबतो. मेळाव्याहून परतल्यावर मी आमच्या शाळेच्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांकडून मैदानाची वही मागवून घेतली. शाळा सुटल्यावर आठवड्यातून सहा दिवस मैदान खुले असते. पाच दिवस मुलांचे क्रिकेट आणि फुटबॉल. मुलींच्या वाट्याला शनिवार. आणि शनिवारीच चर्चच्या गायनवृंदाचा सराव असतो, ज्यात बहुतेक मुलीच. ही वाटणी कोणी दुष्टपणाने केलेली नव्हती. कोणी ती केलेलीच नव्हती. ती होत गेली होती. पंधरा वर्षे मी त्या मैदानाच्या कडेने प्रार्थनापुस्तक हाती घेऊन फिरत होतो आणि मला ती दिसली नव्हती.

मैदानाचे दिवस निम्मे निम्मे करण्याचे ठरले. विरोध झाला. माजी विद्यार्थ्यांनी चषकांची आठवण करून दिली. एक माउली म्हणाली, "फादर, उन्हात पोर काळी पडेल, मग तिला कोण करून घेईल?" दुसरी हळूच म्हणाली, "मला लंगडी फार आवडायची, फादर. सातवीनंतर बंद झाली." पहिल्या महिन्यात मुलींच्या दिवशी मैदानावर अकरा जणी आल्या, आणि आमचे शिक्षक मला म्हणाले, "बघा फादर, रसच नाही." त्या क्षणी मला त्या वक्त्यांचा पोहरा आठवला. आम्ही दिवस बदलले नाहीत. आता खो-खोचे दोन संघ आहेत. चषक अजून आलेला नाही, आणि तो यावा अशी अटही नाही. मुलांकडे तरी आपण खेळू देण्याआधी चषक कोठे मागतो?

आपल्या संविधानाच्या १५व्या अनुच्छेदाने लिंगावरून भेदभाव करण्यास राज्याला मनाई केली आहे आणि स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष तरतुदी करण्याची मुभा दिली आहे. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मैदान असावे असे म्हटले. ते मैदान कुणाला किती मिळते, हे मात्र मोजावयास कुणी लावलेले नाही. आपल्याला ती सक्ती होण्याची वाट पाहावी लागावी, हे आपल्या प्रेमाला शोभणारे नाही. माझ्या व्यवस्थापक बंधुभगिनींना माझे एवढेच सांगणे आहे: उद्या सकाळी शाळेत गेल्यावर मैदानाची वही मागवा, खेळांवर झालेल्या खर्चाचा हिशेब मागवा, त्यात मुलींचे तास आणि मुलींचे रुपये किती, ते एका कागदावर काढा आणि तो कागद सूचनाफलकावर लावा. प्रेमाने वाटले असेल, तर आकडे लपविण्याचे कारण नाही.